२५२० : आधी लसावि काढा, मग फॉरवर्ड करा

२२ डिसेंबरचा गणित दिन जवळ आला की हा मेसेज फिरायला लागतो. यंदा तो घरच्या ग्रुपवर दादानेच टाकला, आणि सहावीतली भाची शाळेत वाचून दाखवायला वहीत उतरवून घेत बसली. म्हणून लिहितेय.

मेसेज असा : २५२० ही रामानुजन यांनी शोधलेली विचित्र संख्या. १ ते १० सगळ्यांनी भाग जाणारी जगातली एकमेव. दुसऱ्या कुणाला ती सापडलीच नसती. रहस्य पंचांगात : आठवड्याचे ७ × महिन्याचे ३० × वर्षाचे १२ = २५२०.

एकमेव? दुप्पट करा, ५०४०. तिलाही १ ते १० सगळ्यांनी भाग जातो. तिप्पट ७५६० लाही. २५२० त्यातली सर्वांत लहान, म्हणजे १ ते १० चा लसावि (लघुतम साधारण विभाज्य), एवढंच. ५०४० चा हा गुण ग्रीक तत्त्वज्ञ प्लेटोने 'लॉज' (कायदे) या ग्रंथात लिहून ठेवलाय, रामानुजन यांच्या दोन हजारांहून अधिक वर्षं आधी.

पंचांगाचं मात्र मला सोडवत नाही. गुणाकार बरोबर आहे, मान्य. पण बारा महिन्यांचे ३६० दिवस धरले की त्यात आठवडे आलेच ना? परत ७ ने गुणून हाती काय लागतं, वार की दिवस? आणि हे सांगायचं सोलापुरात, जिथून दाते पंचांग निघतं! आमच्या देवघराशेजारी ते खिळ्याला टांगलेलंच असतं. चांद्रवर्ष सुमारे ३५४ दिवसांचं, ऋतूंशी मेळ राहावा म्हणून मधे अधिक मास. २०२३ मध्ये अधिक श्रावण होता, म्हणजे महिने १३. घाला सूत्रात : ७ × ३० × १३ = २७३०. ४ ने भाग जात नाही, ८ ने नाही, ९ ने नाही. कुठे गेलं रहस्य?

रामानुजन यांचा काहीच संबंध नाही असं नाही, तेवढं कबूल करते. १९१५ साली लंडन मॅथेमॅटिकल सोसायटीच्या नियतकालिकात त्यांचा 'हायली कॉम्पोझिट नंबर्स' हा निबंध आला. आपल्याहून लहान प्रत्येक संख्येपेक्षा जास्त विभाजक असणाऱ्या संख्यांचा तो अभ्यास. त्यांच्या तक्त्यात २५२० आहे, ४८ विभाजकांची, पण वाटेतली एक. तक्ता थांबतो ६७४६३२८३८८८०० वर. तिचे विभाजक १०,०८०! तेही संगणक नसताना. एवढं काम बाजूला सारून त्यांच्या नावावर सहावीचा लसावि चिकटवायचा, याचा मला राग येतो.

हो, लसावि. भाचीला म्हटलं, "वही उलटी कर, मागच्या पानावर मांड." ८ घेतला की २ आणि ४ आले, ९ मध्ये ३ आला. ६ आपोआप. मग ५ आणि ७, की १० चंही काम झालं. ८ × ९ × ५ × ७. उत्तर बघून ती थांबली. "आत्या, पण हे तर कुणालाच जमलं नसतं म्हणे." पोरीच्या डोक्यात नेमकं हेच भरवलं जात होतं.

थोड्या वेळाने तिनेच विचारलं, "१२ पर्यंत कितीला जाईल?" ११ ने गुणलं, २७,७२० आले. मग १२ ने भागून बघितलं : २,३१०, बाकी शून्य.