पिकोलो हळू वाजवायचा म्हणजे फुंकच सोडायची?

पिकोलो म्हणजे छोटी, आडवी पाश्चात्त्य बासरी. ‘पिकोलोचे वरचे सूर हळू वाजवण्याच्या पाच युक्त्या’ असा एक मेसेज फिरतोय. आमच्या ताईने तो घरच्या ग्रुपवर टाकला, तोवर तिच्या लेकीने त्यातल्या दोन-तीन युक्त्या करूनही पाहिल्या होत्या. भाची न्यू जर्सीतल्या शाळेच्या बँडमध्ये पिकोलो वाजवते. मीही एके काळी बँडमध्ये हेच वाद्य वाजवलंय, त्यामुळे गप्प बसवेना.

मेसेजचं म्हणणं असं: वरचा सूर हळू हवा तर फुंक सोडा, म्हणजे फुंकेचा जोरच काढून घ्या, सूर उतरला तर हेडजॉइंट (फुंकायचं भोक असलेला वरचा तुकडा) आत ढकला, तरी जमेना तर त्याच्या आतलं बूच सरकवा, लाकडी पिकोलो घ्या, तो आपोआप हळू वाजतो, आणि बंद खोलीत, कानात काही न घालता रोज तासभर सराव करा, म्हणजे ‘कान तयार होतो’. खाली ठळक अक्षरांत ‘अनुभवी वादकांचा सल्ला’. कोण वादक, ते विचारायचं नाही.

सगळा घोळ पहिल्या युक्तीत आहे. पिकोलोवर कागदावरचा सूर प्रत्यक्षात एक सप्तक वर वाजतो. तिसऱ्या सप्तकातला ‘जी’ (सुरांची ही पाश्चात्त्य नावं) म्हणजे ३१३६ हर्ट्झ. ओठांतून निघालेला हवेचा झोत फुंकायच्या भोकाच्या पलीकडच्या कडेवर आपटून सेकंदाला तितक्या वेळा आत-बाहेर डोलला पाहिजे, तर तो सूर टिकणार. त्यासाठी झोत कडेपर्यंत झटकन पोचावा लागतो. फुंक सोडली की वेग जातो. सूर आधी उतरतो, मग फाटतो, मग खाली कोसळतो. भाचीची तक्रार नेमकी हीच होती: ‘मामा, पियानो (म्हणजे ‘हळू’ ही खूण) लिहिलंय तिथेच सूर पडतो.’ पडणारच, मेसेजात पाडायचीच कृती दिलीय!

हे माझ्या पदरचं नाही. नेव्हिल फ्लेचर या ऑस्ट्रेलियन भौतिकशास्त्रज्ञाने फ्लूट (पिकोलोची मोठी बहीण) वाजवणाऱ्यांच्या फुंकेचा दाब प्रत्यक्ष मोजला आणि १९७५ मध्ये अमेरिकेच्या अकूस्टिकल सोसायटीच्या जर्नलमध्ये छापला. सूर चढतो तसा दाबही चढतो. आवाज लहान-मोठा करायला वादक मुख्यतः ओठांमधल्या फटीचा आकार बदलतात. मोजमाप फ्लूटवरचं होतं, हे खरं. पण पिकोलोही त्याच तत्त्वावर वाजतो, लांबी तेवढी निम्मी.

बागेतल्या पाण्याच्या नळीच्या तोंडावर अंगठा धरला की पाणी कमी येतं, पण लांब उडतं. हळू वाजवणं हे तसं आहे. ओठांचे कोपरे धरायचे, मधला भाग मऊ ठेवायचा, फट बारीक करायची, पोटाचा जोर तसाच. वरचा ओठ आवळून दाबायचा नाही. तिथेच सगळी मुलं चुकतात आणि आवाज चिरका होतो. ओठ किंचित पुढे आणले की झोताला कापायचं अंतर घटतं, उतरणारा सूर सावरतो. बोटांचीही मदत घ्यावी: वरच्या ‘एफ शार्प’ला उजव्या हाताच्या अनामिकेऐवजी मधलं बोट, ‘ई’ला करंगळी उचललेली. सूर कमी जोरात उठतात. प्रत्येक वाद्याचा स्वभाव थोडा वेगळा, तेव्हा ट्यूनर (सूर चढला की उतरला ते दाखवणारं यंत्र) समोर ठेवून पाहावं.

मेसेजवाल्याचं एक मात्र मान्य करावं लागतं, नाइलाजाने. फट बारीक केली की एकूण हवा खरोखरच कमी जाते. त्याने कुठेतरी ‘कमी हवा’ ऐकलं असेल आणि पुढचं अर्धं वाक्य ऐकायच्या आत टाइप करायला घेतलं असेल. शिवाय अगदी वरच्या ‘बी’ आणि ‘सी’साठीही मी भांडणार नाही. तो ‘सी’ म्हणजे पियानो या वाद्याची उजवीकडची शेवटची पट्टी, ४१८६ हर्ट्झ. आपला कान तीन-चार हजार हर्ट्झच्या आसपासच सगळ्यात तिखट. तिथे कितीही जपून वाजवलं तरी बँडच्या वर ऐकू येतंच.

हेडजॉइंटचं थोडक्यात. आत ढकलला की सगळेच सूर चढतात, एकटा तो वरचा नव्हे. आणि वाद्य निम्म्या लांबीचं, त्यामुळे फ्लूटवर जेवढा फरक दोन मिलिमीटरने पडतो तेवढा इथे एकानेच. हळू जागेपुरता सूर सावरला आणि पुढच्या जोरकस ओळीत भाचीबाई चढ्या सुरात!

बुचाला हात लावू नका. ते सप्तकं एकमेकांशी जुळवण्यासाठी बसवलेलं असतं, आवाज कमी करायला नव्हे. सफाईच्या काडीवर खूण असेल तर काडी आत घालून पाहा. खूण फुंकायच्या भोकाच्या मधोमध दिसली की बूच जागेवर आहे.

लाकडी पिकोलोचा आवाज गोल असतो, एवढं खरं. हळू वाजवतो तो वादक. आणि मैदानावर मार्चिंगला लाकूड नेऊन उन्हात तडकवलं तर तो खर्च ताईच्या डोक्यावर.

आता कान तयार होण्याबद्दल. याचा मला राग आलाय. पिकोलो उजव्या कानाला अगदी खेटून असतो आणि वरच्या सुरांना तिथे आवाज १०० डेसिबलच्या पुढे सहज जातो. अमेरिकेच्या नायॉश या सरकारी संस्थेची मर्यादा ८५ डेसिबलला आठ तास. दर तीन डेसिबलला वेळ निम्मी. म्हणजे १०० डेसिबलला पंधरा मिनिटं! आतल्या बारीक केसपेशी एकदा मेल्या की माणसात पुन्हा येत नाहीत. बंद खोलीत तर भिंतींवरून परतणारा आवाजही कानातच. ‘आता टोचत नाही’ म्हणजे कान तयार झाला नाही, गेला.

भाचीला सांगितलंय: निदान उजव्या कानात वादकांसाठी मिळणारा इअरप्लग. मधल्या ‘डी’पासून अर्ध्या-अर्ध्या सुराने वर, प्रत्येक सूर लांब आणि हळू, जिथे फाटेल तिथे थांबून ओठ पाहायचे, आरशात. दहा मिनिटं झाली की पिकोलो पेटीत आणि फ्लूट हातात.