ज्वारीवर ज्वारी

सोलापुरात वाढलेल्या माणसाला भाकरीचं कौतुक सांगू नये. तिच्यासाठी गिरणीत कोण जात होतं, ते विचारावं.

गव्हाचं पीठ महिनाभर निवांत राहतं. ज्वारीचं तसं नाही. चार दिवस जास्त झाले की पिठाची विरी जाते, भाकरी थापताना कडेला चिरते आणि आजी पिठाऐवजी आईकडे बघते. म्हणून आई थोडं थोडंच दळून आणवायची. थोडं थोडं म्हणजे वारंवार, आणि वारंवार म्हणजे मी.

डब्याचं वजन सायकलचं कॅरियर उचलायचं. माझ्या डोक्यावर असायच्या त्या सूचना. "ज्वारीवरच ज्वारी टाकायला सांग. बाजरी चालू असली तर थांब. हरभऱ्याची डाळ असली तर सरळ घरी ये."

गिरणीत रांग डब्यांची. डबे ठेवून माणसं चहाला जायची. मी मात्र पुढच्याच्या डब्यात डोकावत उभा. गिरणीवाले मामा भुवयांपर्यंत पांढरे. पट्ट्याच्या फटफटाटात साधं बोलणंही भांडणासारखं व्हायचं.

"मामा, आधी काय दळलं?"

"काय?"

"आधी काय?"

"आधी पैसे!"

आषाढी एकादशी जवळ आली की प्रकरण धार्मिक व्हायचं. वरी, राजगिरा, साबुदाणा अशी उपासाची दळणं पहिली, आणि त्यांच्या आधी जात्यात साध्या धान्याचा कणही नको. एवढं सोवळं पाळून झालं की पहिला नंबर नेमका माझा. वरीवर ज्वारी चालते का, याचा निकाल आईने दिलेला नसायचा. मी विचारून येईपर्यंत पुढे दोघांचा गहू लागलेला.

त्यात लोडशेडिंग. अर्धी ज्वारी वर, अर्धं पीठ खाली, मधलं दगडांच्या ताब्यात. सोडून जाता येत नाही, कारण वीज आल्यावर पडणारं पीठ आपलंच पडेल याची खात्री कोण देणार? (मामा देत होते. आई घेत नव्हती.)

परतताना शेवटचा नियम: गरम पिठावर झाकण घट्ट लावायचं नाही, पिठाला घाम येतो. आमच्या रस्त्यावर अर्धवट झाकणाचा डबा नेणं म्हणजे वाटेतल्या मुंग्यांना अन्नदान. घरी आई चिमटीत पीठ घेऊन एकच शब्द बोलायची, "जाड."

२०२३ हे वर्ष संयुक्त राष्ट्रांनी भरडधान्यांना वाहिलं. जगाने ज्वारीची दखल घेतली. दळायला कोण जातं, याची नाही.

मध्यंतरी हौसेने घरघंटी घेतली. कुठल्या नंबरची जाळी लावायची यावरून घरात दोन पक्ष पडले. जाळीबिळी ठरली, पीठ निघालं. आईने एक भाकरी खाल्ली, पाणी प्यायली आणि म्हणाली, "पीठ तापतंय हिच्यात." सध्या घरघंटीवर विणलेला रुमाल आहे, त्यावर मोबाइलचा चार्जर. दळणाला मीच जातो. डबा आता स्कूटरवर पायांपाशी मावतो, हीच काय ती प्रगती.