फॉरमॅट मारायची एवढी घाई कशाला?

'लिनक्स कधी अपग्रेड करू नका. जुना कचरा राहतो, मशीन स्लो होतं, अपग्रेड मध्येच फसतं. सरळ फॉरमॅट मारा, म्हणजे डिस्क पुसून सिस्टिम नव्याने टाका, अर्ध्या तासात काम तमाम.' हा सल्ला फिरत फिरत माझ्याकडे चौथ्यांदा आलाय. त्याला विंडोजचा वास येतो.

आधी कचरा. तो असतो, नाही म्हणत नाही. पण इथे विंडोजसारखी रजिस्ट्री, म्हणजे सगळ्यांच्या सेटिंग्जची एकच सामायिक वही, नाही. डेबियन-उबुंटू या लिनक्सच्या प्रकारांत कुठली फाइल कुठल्या पॅकेजची (प्रोग्रॅमच्या गठ्ठ्याची), याची नोंद डीपीकेजी या पॅकेजेस सांभाळणाऱ्या प्रोग्रॅमकडे असते. नवं पॅकेज आलं की जुन्याच्या फाइली जातात. कुणालाच नको असलेली पॅकेजेस ऑटोरिमूव्ह या कमांडने निघतात. खरा गाळ साचतो तो होममधल्या (आपल्या फाइली नि सेटिंग्ज असतात त्या फोल्डरमधल्या), टिंबाने सुरू होणाऱ्या लपलेल्या फोल्डरांत. आणि फॉरमॅटवाले नेमकं तेच होम जपून ठेवतात नि नव्या सिस्टिमला जोडतात!

स्लोचं म्हणाल तर डिस्कवर नुसतं पडून असलेलं पॅकेज प्रोसेसर खात नाही. विषय संपला.

फसण्याबद्दल मात्र सविस्तर बोलू. अपग्रेड फसतं, पण बहुतेकदा आपणच बाहेरून आणलेल्या रेपॉझिटरींमुळे (पॅकेजेसच्या साठ्यांमुळे), भरलेल्या बूट पार्टिशनमुळे (मशीन सुरू करणाऱ्या फाइलींच्या कप्प्यामुळे) किंवा मधली आवृत्ती गाळल्यामुळे. डेबियन 11 वरून थेट 13 वर उडी मारता येत नाही, मध्ये 12 घ्यावंच लागतं. 2023 मध्ये 12 आलं तेव्हा वायफायसारख्या हार्डवेअरला लागणारं फर्मवेअर 'नॉन-फ्री-फर्मवेअर' या नव्या विभागात गेलं. सोर्सेस लिस्टमध्ये, म्हणजे पॅकेजेस कुठून घ्यायची त्या यादीत, तेवढा शब्द वाढवायचा होता. रिलीज नोट्समध्ये स्वच्छ लिहिलं होतं, पण त्या वाचतो कोण? त्याच अपग्रेडमध्ये पोस्टग्रेस या डेटाबेसचं 13 चं 15 झालं, तरी जुना डेटा 13 च्या क्लस्टरमध्ये (डेटाच्या फोल्डरात) तसाच राहतो. तो आपण सावकाश हलवायचा. डम्प (डेटाबेसची प्रत) न घेता फॉरमॅट मारणाऱ्याला ही सवलत नाही. उबुंटूवाले तर आणखी सावध: 24.04 एप्रिल 2024 मध्ये आलं, तरी 22.04 वाल्यांना अपग्रेडचं आमंत्रण 24.04.1 या पहिल्या सुधारित आवृत्तीनंतरच.

फॉरमॅट योग्य कधी? 64 बिट मशीनवर अजून 32 बिट सिस्टिम असेल, अख्खी डिस्क एन्क्रिप्ट करायची असेल, किंवा तीन-चार आवृत्त्या मागे राहिला असाल तेव्हा. तेव्हा खुशाल मारा.

राहिला अर्धा तास. इन्स्टॉलर तेवढाच वेळ घेतो, खरं आहे. पुढे प्रिंटर, इन्स्क्रिप्ट कीबोर्ड, फॉन्ट. मीही एकदा या सल्ल्याला बळी पडलो होतो. होमचा बॅकअप घेतला, फॉरमॅट मारला, संध्याकाळपर्यंत सगळं जागेवर. पण माझा क्रॉनटॅब, म्हणजे ठरल्या वेळी आपोआप चालवायच्या कामांची यादी, होममध्ये नव्हताच, तो व्हार या सिस्टिमच्या फोल्डरखालच्या स्पूलमध्ये असतो. रोज रात्री दोनला चालणारा बॅकअप तीन आठवडे चाललाच नव्हता. कळलं ते एक चुकून उडवलेली फाइल परत शोधायला गेलो तेव्हा.