मेल जात नाही म्हणून ऑफिस पुसू नका

व्हॉट्सॲपवर एक सल्ला फिरतोय : ‘जुन्या आउटलुकमध्ये मेल येते पण जात नाही, म्हणजे आउटलुक करप्ट झालंय. ऑफिस काढून पुन्हा टाका, पीएसटी फाइल उडवा, तरी नाही जमलं तर अँटीव्हायरस काढून टाका.’ (पीएसटी म्हणजे आउटलुक मेल साठवतं ती फाइल.)

करप्ट झालंय हे कशावरून? मेल येते पॉप किंवा आयमॅप या पद्धतीने, जाते एसएमटीपीने. दोन्हींचे पोर्ट, म्हणजे सर्व्हरवरचे क्रमांक दिलेले दरवाजे, वेगळे, सेटिंगही वेगळं. एक चालू आणि दुसरं बंद असेल तर आधी बंद असलेल्याचं सेटिंग बघावं. एररच्या खिडकीत ८००४२१०९ हा आकडा दिसला तर जाणाऱ्या सर्व्हरशी जोडणीच होत नाहीये. स्पॅममुळे बरेच इंटरनेटवाले पोर्ट २५ अडवतात. अकाउंट सेटिंग्जमधून ‘मोअर सेटिंग्ज’, मग ‘ॲडव्हान्स्ड’ उघडा, २५ च्या जागी ५८७ टाका आणि एन्क्रिप्शन (वाटेत कोणी मेल वाचू नये म्हणून कुलूप) टीएलएस प्रकारचं निवडा. ‘५५०’ आणि ‘रिले’ असं काही आलं, म्हणजे सर्व्हर तुमची मेल पुढे न्यायला नकार देत असेल, तर शेजारच्या ‘आउटगोइंग सर्व्हर’ टॅबमधली ऑथेंटिकेशनची (पाठवतानाही नाव-पासवर्ड देण्याची) टिक बहुधा राहिलेली असते. ती कोणाच्या लक्षातच येत नाही!

ऑफिस पुन्हा टाकून यातलं काही बदलत नाही, कारण अकाउंटचं प्रोफाइल रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या सेटिंग साठवायच्या जागेत, तसंच राहतं. सर्व्हरने जुनं टीएलएस बंद केलं असेल तरी तेच : टीएलएस विंडोज पुरवतं, ऑफिस नव्हे. (येणारी मेलही थांबली असेल तर पासवर्डकडे बघा. जीमेलने ३० मे २०२२ पासून आउटलुकसारख्या प्रोग्रॅमना साधा पासवर्ड चालवणं बंद करायला घेतलं. आता टू-स्टेप, म्हणजे दोन टप्प्यांचं लॉगिन, चालू करून ॲप पासवर्ड, म्हणजे त्या प्रोग्रॅमपुरता वेगळा पासवर्ड, घ्यावा लागतो.)

पीएसटी उडवण्याचा सल्ला मात्र सरळसरळ घातक आहे. पॉप अकाउंटमध्ये मेल सर्व्हरवरून उतरवून काढून टाकली जात असेल, तर ती फाइल हीच एकमेव प्रत. वर्षानुवर्षांची मेल जाईल आणि एरर तिथेच असेल. फाइलवर खरंच संशय असेल तर आउटलुक बंद करा, तिची कॉपी काढा आणि आउटलुकसोबत आलेलं स्कॅनपीएसटी हे दुरुस्तीचं साधन चालवा.

अँटीव्हायरसच्या मुद्द्यात थोडं तथ्य आहे. त्याचं मेल-स्कॅनिंग कधीकधी मध्ये तडमडतं. तेवढंच बंद करून एक मेल पाठवून बघा, अख्खा अँटीव्हायरस काढायचं कारण नाही.

आणि आउटबॉक्समध्ये एकच जड मेल अडकून मागच्या सगळ्या रखडल्या असतील, तर ‘वर्क ऑफलाइन’ करून ती ड्राफ्ट्समध्ये ओढा. अटॅचमेंट पाठवताना सुमारे एक तृतीयांशाने फुगते, त्यामुळे २० एमबीची फाइल २५ एमबीच्या मर्यादेत बसत नाही.