कुवेतचा डिक्सन : एका आक्षेपाला उत्तर

सप्रेम नमस्कार.

कुवेतमधला ब्रिटिश अधिकारी हॅरॉल्ड डिक्सन याच्यावरील माझ्या लेखावर आपण सविस्तर प्रतिक्रिया लिहिलीत, त्याबद्दल आभार. आपल्या म्हणण्याचा आशय असा, की बदूंचा, म्हणजे वाळवंटातल्या भटक्या अरबांचा, जिवलग म्हणून मी ज्याचे कौतुक केले तो मुळात साम्राज्याचा पगारी हेर होता. अनैझा टोळीतल्या दाईचे दूध प्यायल्याची कथा, काळ्या तंबूतले मुक्काम आणि अस्खलित अरबी हा सगळा त्या नोकरीचा साज होता. आणि निवृत्त होताच तो तेल कंपनीत गेला, यातच सारे आले. म्हणून त्याचे लेखन बदूंविषयीचा पुरावा म्हणून वापरू नये, असे आपण सुचवता. नोकरीबद्दल आपण जे म्हणता त्याविषयी माझा वाद नाही. त्यातून काढलेला निष्कर्ष मात्र मला पटत नाही.

कुवेतचा पोलिटिकल एजंट हा त्या काळी हिंदुस्थान सरकारच्या राजकीय खात्याचा अधिकारी असे आणि त्याचा वरिष्ठ, म्हणजे आखाताचा रेसिडेंट, इराणच्या किनाऱ्यावर बुशहरला बसे. डिक्सन स्वतः मूळचा फौजी. 'डेक्कन हॉर्स' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या २९ व्या लान्सर्स रिसाल्यातून तो पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियात (आजच्या इराकमध्ये) गेला, तिथे ब्रिटिशांचा मुख्य राजकीय अधिकारी पर्सी कॉक्स याच्या हाताखाली राजकीय कामात शिरला आणि १९२९ ते १९३६ या काळात कुवेतचा एजंट झाला. कोणत्या टोळीचा तळ कोणत्या विहिरीवर पडला आहे, कोणाचे कोणाशी बिनसले आहे, हे वर कळवणे हे त्याचे कामच होते, आणि ते काही चोरून चाललेले नव्हते. त्याच्याकडे कॉफी प्यायला येणाऱ्या शेखांना ते पुरते ठाऊक होते. किंबहुना आपले गाऱ्हाणे सरकारच्या कानावर जावे म्हणूनच त्यांतले बरेचसे येत असावेत.

दाईची हकीकत त्याने स्वतःच सांगितलेली आहे. १८८१ साली बैरूतला जन्मलेल्या आणि वडील ब्रिटिश कॉन्सुलर सेवेत असल्यामुळे त्याच मुलखात वाढलेल्या मुलाच्या बाबतीत ती अशक्य मुळीच नाही. अरब समाजात दुधाचे नाते हे खरे नाते मानले जाते, इतके की दूधभावंडांचा विवाह निषिद्ध असतो. डिक्सनने हे नाते कामाला लावले, यात शंका नाही. पण ते चालले, कारण समोरच्या माणसांनी ते मान्य केले. आपल्या मांडणीत हे बदू जणू कोणाच्याही भुलाव्याला बळी पडणारे भोळे जीव ठरतात, आणि साम्राज्यावर टीका करताना त्यांच्यावर हा अन्याय होऊ नये असे मला वाटते.

या माणसाची पारख करायची तर जानेवारी १९३० मधल्या घटनांवर करावी. मुतैर टोळीचा प्रमुख फैसल अल दुवैश हा इख्वान बंडाचा, म्हणजे पुढे सौदी अरेबिया स्थापणाऱ्या राजा इब्न सौदविरुद्ध त्याच्याच कट्टर धार्मिक लढवय्यांनी केलेल्या बंडाचा, म्होरक्या होता. मार्च १९२९ मध्ये सबिलाच्या लढाईत इब्न सौदने त्याचा पराभव केला, तो स्वतः जबर जखमी झाला, तरीही काही महिन्यांत पुन्हा उठला आणि अखेर हटत हटत कुवेतच्या हद्दीत आला. मागे इब्न सौदचे सैन्य, पुढे ब्रिटिशांची विमाने आणि चिलखती मोटारी, आणि बंडखोरांना थारा देणार नाही असा ब्रिटिशांनी आधीच दिलेला शब्द, अशा कोंडीत त्याने ब्रिटिशांपुढे शरणागती पत्करली. त्याला इब्न सौदच्या हवाली करण्याच्या ज्या वाटाघाटी झाल्या, त्यांत रेसिडेंट बिस्को आणि हवाईदलाचा बर्नेट यांच्याबरोबर डिक्सनही होता. जीव घेणार नाही एवढे वचन इब्न सौदकडून मिळवून महिनाअखेरीस दुवैशला सुपूर्द करण्यात आले आणि १९३१ मध्ये तो रियाधच्या कैदेत मरण पावला. पण जाण्यापूर्वी त्याने आपल्या घरच्या बायका डिक्सनच्या भरवशावर सोडल्या, आणि त्यांची देखभाल डिक्सन दांपत्याने केली. ज्या सरकारने त्याला शत्रूच्या हाती दिले, त्याच सरकारच्या माणसाकडे! याला निव्वळ मैत्री म्हणणे भाबडेपणाचे होईल, हे मान्य. पण हेर आणि सावज एवढ्याच नात्यात ही गोष्ट बसत नाही.

त्याच्या लेखनाच्या विश्वासार्हतेविषयी एक उदाहरण पुरे. इब्न सौदचा मुलूख, इराक आणि कुवेत यांच्या सीमा ठरवण्यासाठी भरलेल्या १९२२ च्या उकैर परिषदेत कॉक्सने तांबड्या पेन्सिलीने सरहद्द आखली आणि कुवेतने आपला म्हणून सांगितलेल्या मुलखातला जवळजवळ दोनतृतीयांश भाग एका रेघेसरशी इब्न सौदला देऊन टाकला. कॉक्सने इब्न सौदला शाळकरी पोरासारखे कसे झापले आणि कुवेतच्या शेख अहमदला गृहीत कसे धरले, हे आज आपल्याला मुख्यतः कळते ते डिक्सनमुळेच, कारण तो तिथे हजर होता. आपल्याच साहेबाची ही नाचक्की छापणारा माणूस सरकारची निव्वळ भाटगिरी करत होता, असे कसे म्हणावे? हा वृत्तांत त्याने १९५६ मध्ये, म्हणजे चौतीस वर्षांनी छापला, तेव्हा त्यातल्या संवादांवर अक्षरशः भिस्त ठेवू नये, हे वेगळे.

१९४९ च्या 'दि अरब ऑफ द डेझर्ट' या ग्रंथाची गोष्ट निराळी आहे. बायकांनी शेळीच्या केसांचे पट्टे विणून, ते एकमेकांना शिवून तंबूचे छत करायचे, तंबू उभारायचा आणि मोडायचाही त्यांनीच. मधल्या पडद्याच्या एका बाजूला पुरुषांची कॉफीची बैठक, दुसऱ्या बाजूला चूल, अंथरुणे आणि धान्याची पोती, अशा बारीकसारीक तपशिलांनी तो भरलेला आहे. ज्यांच्याशी मानी टोळ्या सोयरीक करत नसत त्या शिकारी आणि कारागीर सुलुब्बांबद्दलही तो आस्थेने लिहितो. पडद्यापलीकडचे पुष्कळसे ज्ञान अर्थातच त्याची पत्नी व्हायोलेट हिचे, आणि त्याचे श्रेय तिला पुरेसे मिळाले नाही ही माझी तक्रार आपल्या तक्रारीपेक्षा जुनी आहे. तिने जमवलेल्या वनस्पतींपैकी एका जांभळ्या फुलाच्या शास्त्रीय नावात तिचे नाव आहे, एवढे खरे.

तेलाचा मुद्दा मात्र आपला सर्वांत भक्कम आहे. डिसेंबर १९३४ मध्ये शेख अहमदने कुवेत ऑइल कंपनीला तेल शोधण्याचा आणि काढण्याचा हक्क (कन्सेशन) दिला, तेव्हा डिक्सन एजंट होता, आणि १९३६ मध्ये तो त्याच कंपनीचा स्थानिक प्रतिनिधी झाला. आज असे घडले तर आपण दोघेही बोट ठेवू, आणि त्या काळच्या रिवाजाची सबब मी देणार नाही. १९३८ मध्ये बुरगानला तेल लागले आणि ज्या भटक्या जीवनाची तो नोंद करत होता त्याचाच पाया त्या तेलाने उखडला. त्याच्या पुस्तकात जुन्या बदू जीवनाविषयी जो हळवेपणा येतो, तो वाचताना लेखकाचा पगार कुठून येत होता हे लक्षात ठेवावेच.

तरीही ते पुस्तक बाजूला ठेवण्याऐवजी कागदपत्रांशी ताडून वाचावे, असे मी सुचवेन. आखातातल्या रेसिडेन्सीच्या आणि एजन्सींच्या बऱ्याचशा फायली कतार डिजिटल लायब्ररीवर विनामूल्य पाहता येतात. १९२९-३० ची इख्वान प्रकरणाची पत्रे तिथे काढा आणि दुवैशविषयी डिक्सनने त्याच आठवड्यात वरिष्ठांना काय कळवले आणि पुढे पुस्तकात काय लिहिले, हे शेजारी ठेवून पाहा. तफावत सापडली तर इथेच लिहा. त्यावर पुढे बोलता येईल.