जमली तर जेली, नाही तर सरबत

स्ट्रॉबेरीचा जॅम कुणीही करतं, त्यात मला राम वाटत नाही. माझा जीव अडकतो तो कवठ, करवंद, आंबाडीची बोंडं, निवडुंगाची लाल फळं अशा मंडळींत. ही फळं सहसा विकत आणावी लागत नाहीत, हीच त्यातली मेख. ज्याच्या दारात झाड असतं तो पिशवी भरून आणून देतो आणि वर सल्लाही फुकट देतो, ‘काही नाही हो, नुसतं साखर घालून उकळायचं.’

नुसतं साखर घालून उकळलं तर पाक होतो. जेली व्हायला पेक्टिन (फळातला, रस घट्ट धरून ठेवणारा पदार्थ), आंबटपणा आणि साखर या तिघांचं एकमत व्हावं लागतं. पेक्टिन साधारण एक टक्का, पीएच, म्हणजे आंबटपणाचं माप (आकडा जितका कमी तितकं आंबट), ३ ते ३.३ च्या आसपास आणि आटल्यावर साखरेचं प्रमाण सुमारे ६५ टक्के. हेन्री ब्रॅकोनो या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने १८२५ साली पेक्टिन ओळखून त्याला नाव दिलं, पण कुठल्या फळाने ते किती बाळगावं याचा नियम काही तो घालून देऊ शकला नाही. अनवट फळांत या तिघांपैकी एक हमखास रजेवर असतो. कवठात निदान पेक्टिन तरी उदंड. निवडुंगाच्या फळाचा रंग बघून डोळे दिपतात, पण आंबटपणा नावाला आणि पेक्टिन जेमतेम. त्याला लिंबाचा रसही हवा आणि विकतच्या पेक्टिनची पूडही. ती पूड थेट उकळत्या रसात टाकली की गुठळ्या होतात आणि मग त्या कुणाच्या बापाला फुटत नाहीत. आधी पाचपट कोरड्या साखरेत कालवून घ्यावी.

शिवाय फळ पिकू लागलं की पेक्टिन आधी सुटं होतं आणि अति पिकलं की मोडतं. म्हणजे तोंडात टाकताच विरघळणारं फळ जेलीला कुचकामाचं. तीन भाग पिकलेली आणि एक भाग करकरीत, हे प्रमाण मी सोडत नाही.

खरा छळ सोलण्याचा. निवडुंगाच्या फळावरची कुसळं दिसत नाहीत, नुसती बोचतात. फळ चिमट्यात धरून ज्योतीवर फिरवत कुसळं जाळायची, तरी हातमोजे काढायचे नाहीत. करवंदांना चीक. हाताला तेल लावून चिरली तर बोटं सुटी राहतात. कवठाची गोष्ट वेगळी, ते आधी फोडावं लागतं आणि त्या आवाजाला शेजारी दार उघडून बघतात.

शिजवताना फळ बुडेल इतपतच पाणी, पातेलं स्टीलचं. ॲल्युमिनियमला आंबट रस सोसत नाही. जेलीसाठी मऊ झालेला गर मलमलीच्या फडक्यात बांधून रात्रभर टांगायचा. इथे माणसाची परीक्षा असते. रस थेंब थेंब पडतो, फडक्यात अजून भरपूर दिसतो आणि हात पिळायला शिवशिवतात. पिळलं की जेली गढूळ. ज्याला दम नाही त्याने जॅम करावा, तिथे गढूळपणा खपतो.

साखर किती, हे रसालाच विचारायचं. चमचाभर गार रसात दोन चमचे स्पिरिट घालून हलकेच फिरवा आणि मिनिटभर थांबा. एकसंध गोळा झाला तर कपाला कप साखर, दोन-तीन तुकडे झाले तर पाऊण कप, नुसता भुगा झाला तर अर्धाच. हा चमचा चाखायचा नाही, मोरीत ओतायचा. जॅमचा हिशेब सोपा, गराइतकीच साखर. फक्त साल मऊ होण्याआधी साखर पडली की साल चामड्यासारखी होते आणि ती मग मऊ होतच नाही.

आता आच. साखर विरघळेपर्यंत मंद आणि मग एकदम मोठी. पातेलं एक तृतीयांशच भरलेलं हवं, कारण फेस बघता बघता काठावर येतो. नखाएवढं लोणी टाकलं की तो खाली बसतो. दोन किलो फळं एकदम शिजवायचा मोह टाळा. आटायला वेळ लागतो आणि फार वेळ उकळल्याने आंबटात पेक्टिन मोडतं. थर्मामीटर १०५ अंशांवर आला की झालं, असं सगळे सांगतात. ते समुद्रसपाटीला खरं. उंचावर राहणाऱ्याने आधी नुसतं पाणी उकळून आकडा बघावा आणि त्यात पाच मिळवावेत. माझा भरवसा मात्र बशीवर. फ्रीजरमधल्या गार बशीत थेंब टाकायचा, मिनिटाने बोटाने ढकलायचा. पृष्ठभागाला सुरकुती पडली की गॅस बंद. ही परीक्षा चालू असताना पातेलं आचेवरच ठेवलं, तर बशीत जेली असते आणि पातेल्यात तोवर चिक्की.

बरण्या दहा मिनिटं पाण्यात उकळलेल्या हव्यात, भरतानाही गरमच. वर पाव इंच जागा सोडायची. जॅममध्ये फोडी असतील तर भरण्याआधी दहा मिनिटं थांबून ढवळा, नाहीतर सगळ्या फोडी वर आणि खाली नुसता पाक. पुढे चोवीस ते अठ्ठेचाळीस तास बरण्या हलवायच्या नाहीत. हे घरात सांगून ठेवलं तरी येणारा-जाणारा प्रत्येक जण एक बरणी तिरकी करून ‘लागली का?’ विचारतो.

नाही लागली तर लिंबू आणि पेक्टिन घालून पुन्हा उकळता येते. पाणी सुटलं तर आंबट जास्त झालं, खडे धरले तर साखर. पातळ राहिलेली सरबताला तरी जाते. दगड झालेलीवर मात्र इलाज नाही, तिच्यात चमचा उभा राहतो आणि पाहुणे कौतुकाने विचारतात, ‘ही कुठली वडी?’