‘गर्भाशयमुख असलेली प्रत्येक व्यक्ती’: एका प्रतिक्रियेला उत्तर

सस्नेह नमस्कार.

गर्भाशयमुखाच्या, म्हणजे गर्भाशयाच्या योनीत उघडणाऱ्या तोंडाच्या, कर्करोगावरील माझ्या लेखाबद्दल आपण सविस्तर आणि रोखठोक लिहिलेत, त्याबद्दल मनापासून आभार. आपला मुख्य आक्षेप असा, की तपासणी कोणी करून घ्यावी हे सांगताना मी ‘महिला’ असे सरळ न म्हणता ‘गर्भाशयमुख असलेली प्रत्येक व्यक्ती’ असे लिहिले आणि मूठभरांचे मन राखण्यासाठी बाईलाच लेखातून बाहेर काढले. आजाराला लिंग आणि लैंगिकता कळत नाही, तेव्हा आधी सर्वसामान्य बाईचे प्रश्न सुटू देत, बाकीच्यांचे मग पाहू, असेही आपण म्हणता.

पहिल्या मुद्द्यात तथ्य आहे. आपली प्रतिक्रिया आल्यावर मी लेख पुन्हा वाचला, तेव्हा त्यात ‘महिला’ हा शब्द एकदाही आला नसल्याचे लक्षात आले. जिला गर्भाशयमुख म्हणजे नेमके काय हेच कोणी कधी सांगितलेले नाही, तिला ते वाक्य आपल्यासाठी आहे हे कळणार तरी कसे? ही चूक माझी होती आणि ती मी दुरुस्त केली आहे. आता तिथे ‘सर्व महिलांनी, तसेच गर्भाशयमुख असलेल्या इतर प्रत्येक व्यक्तीने’ असे शब्द आहेत. ‘तसेच’च्या पुढचा भाग मात्र मी काढणार नाही.

आजाराला लिंग कळत नाही, हे विषाणूपुरते खरे आहे. हा कर्करोग जवळजवळ नेहमीच एचपीव्ही या विषाणूच्या रेंगाळलेल्या संसर्गातून होतो. बहुतेकींचे शरीर तो संसर्ग स्वतःच परतवून लावते. जिथे तो टिकून राहतो, तिथेही त्याचे कर्करोगात रूपांतर व्हायला सर्वसाधारणपणे १५ ते २० वर्षे लागतात. एचआयव्हीवर उपचार झालेले नसतील तर हाच काळ ५ ते १० वर्षांवर येतो. म्हणजे आजार अडवायला वेळ भरपूर मिळतो, आणि म्हणूनच कोण वाचणार हे बरेचसे तपासणीपर्यंत कोण पोहोचले यावर ठरते. त्या वाटेवर लिंग, लैंगिकता आणि अपंगत्व या सगळ्याच गोष्टी आडव्या येतात. पुरुषाशी संबंध नाही म्हणून तपासणीची गरज नाही, असे समलिंगी स्त्रियांना सांगितले जाते. प्रत्यक्षात हा विषाणू त्वचेच्या स्पर्शातून, म्हणजे स्त्री-स्त्री संबंधांतूनही पसरू शकतो. ज्या ट्रान्स पुरुषाचे, म्हणजे जन्मतः मुलगी अशी नोंद झालेल्या पण पुरुष म्हणून जगणाऱ्या व्यक्तीचे, गर्भाशय काढलेले नाही, त्यालाही हा कर्करोग होऊ शकतो. पण जिथे तपासणीचे बोलावणे नोंदीतील लिंग पाहून आपोआप निघते, तिथे ‘पुरुष’ अशी नोंद होताच त्याचे नाव यादीतून गळते.

आता ‘आधी सर्वसामान्य बाई’ या मुद्द्याविषयी. मला सर्वांत जास्त बोचला तो हाच, कारण नेमका हाच युक्तिवाद एके काळी आपल्याविरुद्ध, म्हणजे सरसकट सगळ्या बायकांविरुद्ध वापरला गेला आहे. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने १९७७ मध्ये अशी मार्गदर्शक सूचना काढली, की मूल होऊ शकेल अशा वयातील स्त्रियांना औषधांच्या सुरुवातीच्या चाचण्यांमधून वगळावे. हेतू गर्भाच्या रक्षणाचा होता, पण परिणाम असा झाला की ‘सर्वसामान्य रुग्ण’ म्हणून पुरुषाचेच शरीर मोजले गेले. ही सूचना १९९३ मध्ये मागे घेतली गेली. झोलपिडेम हे झोपेचे औषध तिथे १९९२ पासून स्त्री-पुरुषांना सारख्याच मात्रेत दिले जात होते. स्त्रियांच्या शरीरातून ते सावकाश बाहेर पडते आणि सकाळी गाडी चालवताना धोका व्हावा इतके रक्तात उरते, या कारणाने स्त्रियांसाठीची मात्रा १० मिलिग्रॅमवरून ५ मिलिग्रॅमवर आणायला २०१३ साल उजाडले. ‘बाकीच्यांचे मग पाहू’ या रांगेत आपण स्वतः उभ्या राहिलो आहोत. मग आपल्याला आत घेतल्यावर आपणच मागच्यांसाठी दार कसे लावून घ्यायचे?

एक प्रसंग सांगते. माझी एक मैत्रीण व्हीलचेअर वापरते. तिच्यासोबत मी या तपासणीला गेले होते. तिच्या खुर्चीचे आसन जमिनीपासून जेमतेम अर्धा मीटर उंच होते आणि तपासणीचे टेबल माझ्या कमरेच्याही वर. ते खाली घेता येत नव्हते. चढायला दोन पायऱ्यांचा लोखंडी स्टूल होता. परिचारिका चांगली होती, तिने आणि मी मिळून उचलून बघितले, पण मैत्रिणीचा पाय आखडला आणि ती कळवळली, तेव्हा आम्ही थांबलो. डॉक्टर दारातूनच म्हणाले, “राहू द्या, तुम्हाला तशी काही गरज नसावी.” तिला लैंगिक आयुष्य असेल, ही शक्यताच त्या खोलीत कोणाच्या मनाला शिवली नाही. परतताना ती एवढेच म्हणाली, “टेबलापेक्षा ते वाक्य उंच होतं.” तीही बाईच आहे, आणि ‘महिला’ हा शब्द तिथल्या भिंतीवरच्या फलकावर मोठ्या अक्षरांत लिहिलेला होता.

म्हणून मी लिंगभाव, लैंगिकता आणि आरोग्य वेगवेगळ्या कप्प्यांत ठेवून लिहू शकत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये ठरवलेल्या उद्दिष्टांपैकी एक असे आहे, की २०३० पर्यंत ७० टक्के स्त्रियांची वयाच्या ३५ व्या वर्षापर्यंत आणि पुन्हा ४५ व्या वर्षापर्यंत खात्रीशीर पद्धतीने तपासणी झालेली असावी. उरलेल्या ३० टक्क्यांत कोण राहणार, हे चिठ्ठ्या टाकून ठरत नाही. एचपीव्ही चाचणीसाठी योनीतील नमुना स्वतःच घेण्याची सोय जिथे आहे, तिथे ती जरूर मागावी. माझ्या मैत्रिणीची तपासणी शेवटी तशीच झाली, खुर्चीतून न उठता.

आपण शेवटी जाता जाता लिहिले आहे, की वयाच्या ५४ व्या वर्षी, पाळी गेल्यावर, आपल्याला या साऱ्याचे काय, आणि आपण ही तपासणी कधी केलेलीच नाही. कृपया असे समजू नका. पाळी थांबली तरी हा विषाणू शरीरात वर्षानुवर्षे राहिलेला असू शकतो, आणि ५० ते ६५ वयाच्या ज्या स्त्रियांची तपासणी एकदाही झालेली नाही, त्यांनाही सोय असेल तिथे प्राधान्य द्यावे, असे जागतिक आरोग्य संघटनाच सांगते. बाकी वाद आपण सावकाश घालू. आधी तपासणीची वेळ घ्या, आणि एकटीने जायचा संकोच वाटत असेल तर सोबत कोणाला तरी घेऊन जा.